सीट काढणे-बसवणे

फोनवर मुनाफभाई म्हणाले होते, अठ्ठेचाळीसशे.
"वर-खाली शंभर-दोनशे, मॅडम."
वर गेले ते साडेतीन हजार.
खाली काही आलं नाही.

तुर्भे एमआयडीसी, पाण्याच्या टाकीमागची गल्ली.
काउंटर म्हणजे आडवा टाकलेला जुना फ्रीज,
त्यावर बिलबुक, कार्बन आणि माझा चष्मा.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आहेत,
लाल पेन पर्समध्येच असतं.

लिंक रॉड, ठीक.
बुश किट, ठीक, पण जुने बुश दाखवा.
पोरानं गोणीतून काढून माझ्या तळहातावर ठेवले,
उंदरानं कुरतडलेल्या बाटलीच्या बुचांसारखे.
धुलाई चारशे?
"धूळ फार होती, मॅडम."
मी सांगितली होती?
"नाही."
खोडली.
कन्झ्युमेबल्स दोनशे सत्तर म्हणजे काय?
"ग्रीस, चिंध्या."
ग्रीस तर वर वेगळं लावलंय, एकशे ऐंशी.
"मग चिंध्या."
दोनशे सत्तरच्या चिंध्या!
एवढ्यात वाशीला अख्खा गाऊन येतो.
इतर, तीनशे.
इतर म्हणजे?
ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.
ह्या एका शब्दावर मी माणसांना मेमो दिलेत.
इतर गेलं.

मग सीट काढणे-बसवणे, साडेतीनशे.
"डावीकडे वळताना कट्-कट् होतं म्हणालात ना,
आतनं येतंय का बघायला पुढची सीट काढली."
येत होतं?
"नाही."
मग मी का भरू?
पेनाचं टोक रेघेवर टेकलं.

मुनाफभाईंनी नटबोल्टच्या डब्यातून
कागदाची एक पुडी काढली.
"सीटखाली होतं. बघून घ्या."
पाचची दोन नाणी.
पेनचं टोपण.
ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी, एक गोळी उरलेली.
आणि कुडी.
माझी. डाव्या कानातली.
एका मोत्याला ग्रीस.
"सोनं वाटलं," ते म्हणाले,
"पोराला म्हटलं, वेगळी ठेव."

आम्ही सगुणाबाईला चोर म्हटलं नव्हतं.
नुसतं विचारलं होतं.
कपाट पुसताना दिसली का, एवढंच.
रात्री हे म्हणाले, उद्या पुन्हा एकदा विचार.
पुन्हा एकदा विचारलं.
तिनं फडकं पिळलं, दांडीवर नीट पसरलं,
चपला घालताना माझ्या कानांकडे पाहिलं,
आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.
महिन्याचे अकरा दिवस भरले होते.
ते तिनं मागितले नाहीत,
मीही कुठे धरले नाहीत,
कुठल्या खात्याला टाकणार?

साडेतीनशेवर मी बरोबरची खूण केली.
धुलाई परत लिहायला गेले तर
मुनाफभाईंनी बिलबुक ओढून घेतलं.
"राहू द्या मॅडम. खोडलं ते खोडलं.
खाली कार्बनवरही उमटलंय."

इंदिरानगर तिथून पाच मिनिटं.
नऊ वर्षं ती आमच्याकडे येत होती,
आम्ही एकदाही गेलो नव्हतो.
पिठाच्या गिरणीच्या वर राहते
असं कधीतरी बोलता बोलता म्हणाली होती.
कुठली गिरणी, हे विचारायचं राहिलं.
विचारायचं ते मात्र दोनदा विचारलं.

सिग्नलला थांबून अकरा दिवसांचा हिशेब केला.
पुन्हा केला, वेगळा आला.
पुडी डॅशबोर्डवर होती,
मागचा टेम्पो हॉर्न देत होता.
डावीकडे वळले.

कट्-कट्.